स्पीकर बदलले तरी डग्गा घुमतोच: सांगलीतल्या एका ऐकण्याच्या खोलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतला एक बंगला, वरच्या मजल्यावरची खोली. मालक बँकेतून रिटायर झालेले, नाव देत नाही, इथे नुसतं काका म्हणतो. आयुष्यभर गाणं ऐकलेला माणूस, ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि सगळ्यात जास्त जीव तबला सोलोवर. मुलं शिकून बाहेर पडली तशी त्यांची अभ्यासाची खोली रिकामी झाली, ती काकांनी फक्त ऐकण्यासाठी ठेवली. त्यात चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि उभे फ्लोअरस्टँडर स्पीकर आणले, एक जाड सतरंजी टाकली, एका भिंतीला पुस्तकांचं शेल्फ आणि मागच्या भिंतीला टेकून सोफा.

खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद, स्लॅब १० फुटांवर. भिंती ९ इंची विटेच्या, सिमेंटचा गिलावा, वर आरसीसी, खाली व्हिट्रिफाइड फरशी. हे तपशील मुद्दाम देतोय कारण या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि तिकडे घरातल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला जिप्सम बोर्ड, तो खालच्या आवाजाला थोडा हलतो, बराचसा बेस त्यातच जिरतो किंवा पलीकडे निघून जातो. आपली वीट हलत नाही. बेस खोलीतच अडकून भिंतीभिंतीवर आपटत राहतो, म्हणून तिकडच्या माणसाला जेवढ्यात भागतं तेवढ्यात आपलं भागत नाही. माझं तर मत आहे की आपल्याकडच्या पक्क्या खोलीत पहिला खर्च कोपऱ्यांवरच व्हायला हवा, स्पीकर नंतर.

नेमका त्रास काय होता

काकांची तक्रार एका वाक्यात होती, "डग्गा फुगतो आणि मग बोल कळत नाहीत." पण त्यांच्यासोबत बसून ऐकल्यावर त्यात दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या आणि त्या वेगळ्या करणं हे पुढच्या सगळ्या कामाचं मूळ ठरलं.

पहिली, डग्ग्यावर तळहात सरकवत घिस्सा घेतला की स्वर वर चढत जातो ना, तो चढताना एकसारखा ऐकू यायला हवा. इथे तो मध्येच एका जागी एकदम मोठा व्हायचा, पुढे जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि परत उगवायचा. वाजवणाऱ्याने तसं वाजवलेलं नाही, कारण हेडफोनवर तेच रेकॉर्डिंग गुळगुळीत होतं. दुसरी, मोठा झालेला स्वर थांबायचा नाही. धा वाजला, पुढचे बोल येऊन गेले तरी त्या धाचा घुमारा रेंगाळतच असायचा आणि मग तिरकिट त्याच्याखाली गाडलं जायचं.

आणखी एक गोष्ट काका बरीच वर्षं बोलत होते, की काही गायकांच्या मैफिली या खोलीत छान लागतात आणि काहींच्या अजिबात नाहीत. त्यांनी ते रेकॉर्डिंगच्या दर्जावर ढकललं होतं. तसं नव्हतं, ते पट्टीवर होतं, म्हणजे गायक कुठल्या स्वराला सा धरतो त्यावर, ते पुढे येतंच.

मी जाण्याआधी दोन उपाय होऊन गेले होते. एक म्हणजे स्पीकर बदलले, दुकानदाराच्या सल्ल्याने मोठे घेतले, त्याने त्रास वाढला कारण मोठा स्पीकर आणखी खाली जातो आणि खोलीला खायला आणखी देतो. दुसरं म्हणजे भिंतींवर दोन इंची पिरॅमिडवाला फोम चिकटवला. दोन इंची फोम साधारण पाचशे-हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) वर काम करतो, शंभरच्या खाली तो असून नसल्यासारखा. परिणाम असा की किनारीची चाट आणि तानपुऱ्याची जवार मंद झाली, बेस होता तिथेच राहिला आणि वरचं कमी झाल्यामुळे उलट जास्तच वाटायला लागला.

मोजून काय दिसलं

फुकट मिळणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर, यूएसबीवर चालणारा मापनाचा मायक्रोफोन आणि स्टँड. पंखा बंद, खिडकी बंद, मायक्रोफोन सोफ्यावर काकांचे कान येतात त्या जागी, फरशीवर टेपने खूण केलेली म्हणजे पुढच्या वेळी तिथेच येईल. एकेका स्पीकरमधून २० हर्ट्झपासून वर जाणारा स्वीप, म्हणजे सलग चढत जाणारा एक स्वर, वाजवायचा. ग्राफ बघताना स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करून दाखवणारी सोय) काढून टाकायचं, नाहीतर बेसमधले सगळे डोंगर सपाट होऊन खोली फार छान आहे असं दिसतं.

आता थोडं गणित, पण सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लांबीची अर्धी लहर बरोबर बसते तो स्वर खोली धरून ठेवते, त्याला मोड म्हणतात. १४ फुटाला तो येतो ४० हर्ट्झ, ११ फुटाला ५१, १० फुटाला ५७. मग त्यांच्या दुपटी, ८१, १०३, ११३. शिवाय दोन दिशा मिळून होणारे मधले, त्यातला लांबी आणि उंची मिळून होणारा ७० च्या जवळ.

ग्राफमध्ये ८१ ला फुगवटा होता, आजूबाजूपेक्षा १०-१२ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर, आणि वॉटरफॉलमध्ये, म्हणजे कुठला स्वर किती वेळाने विझतो ते दाखवणाऱ्या ग्राफमध्ये, त्याची शेपटी सगळ्यात लांब. कारण सरळ आहे, लांबीच्या दिशेचे सगळे मोड मागच्या भिंतीला कमाल दाबावर असतात आणि सोफा तिथेच टेकलेला. घिशात मध्येच मोठा होणारा स्वर हाच.

आणि पट्टीचं कोडं. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी) सा ला १३८.६ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या थोडी वर. खोलीचा मोड ७०. म्हणजे काळी एकमधे गाणाऱ्या प्रत्येक बुवांचा खर्ज ही खोली स्वतःहून मोठा करत होती. काळी चारमधे गाणाऱ्या बाईंचा सा २०७.६, त्यांचा खर्ज १०४ च्या आत, आणि खोलीचा रुंदीचा दुसरा मोड १०३, तोही मधोमध बसलेल्या माणसाला पूर्ण जोरात ऐकू येतो. या दोन्हींच्या अधेमधे, पण ८१ पासूनही दूर खर्ज पडणाऱ्यांच्या मैफिली काकांना "छान लागतात" वाटत होत्या. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्यांनी न आवडणाऱ्या मैफिलींची नावं काढून एकेकाची पट्टी तपासायला घेतली. जवळजवळ सगळ्या जुळल्या.

कोणते पर्याय समोर होते

इक्वलायझर, म्हणजे ईक्यू, ठराविक स्वरांची पातळी वरखाली करणारी सोय. फुगवटे खाली आणायला चांगला, पण तो एका जागेपुरता असतो, शेजारी काकू बसल्या की त्यांच्या जागी ग्राफ वेगळा. आणि खड्डे त्याने भरत नाहीत, १० डीबी वर उचलायचं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला दहापट पॉवर मागायची आणि खड्डा तरी तसाच राहतो कारण तिथे लहरी एकमेकींना मारतायत. ठरलं की ईक्यू शेवटी, उरलेल्यासाठी.

अंड्यांचे ट्रे. एका नातेवाइकाने सुचवले होते. पातळ पुठ्ठा, बेसवर काहीच परिणाम नाही आणि आग पकडायला एक ठिणगी पुरे. तिथल्या तिथे बाद.

काकूंनी विचारलं माळ्यावरच्या कापसाच्या जुन्या गाद्या चालतील का. हा प्रश्न मला फार आवडला कारण कापूस खरंच आवाज शोषतो. अडचण अशी की वर्षानुवर्षं झोपून दाबलेली गादी फार घट्ट होते, आत हवा नीट शिरत नाही, शिवाय पावसाळ्यात ती ओल धरते, उंदीर घर करतात आणि कापूस पेटतो. कायमसाठी नको, पण चाचणीसाठी उत्तम. दोन गाद्या गुंडाळून पुढच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या आणि परत स्वीप वाजवला. ७० आणि ८१ च्या शेपट्या थोड्या का होईना आखडल्या. पैसा न घालवता कळलं की कोपरे योग्य जागा आहेत.

कोपराच का, तर खोलीतला प्रत्येक मोड कोपऱ्यात दाबाच्या कमाल पातळीवर असतो, भिंतीच्या मध्यावर काही असतात काही नसतात. दुसरं म्हणजे तंतुमय माल काम करतो तो हवेच्या हालचालीवर, दाबावर नाही, आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते पाव लहर अंतरावर, ८१ हर्ट्झला ते साडेतीन फूट, ४० ला सात फूट. म्हणून जाडी लागते आणि खोलीची जागा कमीत कमी खाऊन जाडी मिळते ती कोपऱ्यात.

आधी जागा हलवल्या

माल आणण्याआधी सोफा आणि स्पीकर हलवले. या पायरीवर लोक थांबत नाहीत पण इथे खर्च शून्य आणि फरक मोठा.

सोफा किती पुढे घ्यायचा हा खरा निर्णयाचा मुद्दा होता. मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर ८१ चा बरोबर शून्यबिंदू येतो, तिथे बसलं तर फुगवटा जाऊन खड्डा मिळतो आणि डग्गा पोटातून गेल्यासारखा होतो. शिवाय खोलीत चालायला जागा राहत नाही. कान भिंतीपासून दोन फुटांवर येतील असा सोफा ठेवला, ८१ तिथे साधारण चार डीबीने उतरला.

स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले होते ते बाहेर काढले. पण स्पीकर पुढे आला की त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज एका ठिकाणी उलटा पडून खड्डा करतो, वूफर (स्पीकरमधला बेस वाजवणारा भाग) भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर ९४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन डग्ग्यात. दोन फुटांवर तोच खड्डा १४० च्या पुढे सरकतो, तिथे रॉकवूलला (दगडापासून केलेली तंतुमय लोकर, कोपरे भरायचा माल) त्याच्याशी लढता येतं. म्हणून दोन फूट.

माल कुठून आणि कोणता

सांगली-मिरज भागात साखर कारखाने आणि कुपवाडची एमआयडीसी, त्यामुळे बॉयलर आणि वाफेच्या पाइपांचं लॅगिंग (उष्णता टिकवणारं आवरण) करणारे लोक इथे आहेत आणि रॉकवूल त्यांच्याकडे पडून असतं. ऑडिओच्या दुकानात "अकूस्टिक" लेबल लावून जे मिळतं त्याची गरज पडली नाही.

पण लॅगिंगवाला आधी दाखवतो ती तारेच्या जाळीत शिवलेली गादी, शंभर किलो घनतेच्या वरची, ती बॉयलरसाठी. आपल्याला हवा रेझिन बॉन्डेड स्लॅब, ४८ किलो प्रति घनमीटर, १ मीटर बाय ६०० मिलिमीटर, ५० मिलिमीटर जाड. जास्त घनता म्हणजे जास्त शोषण हा समज फूटभर जाडीच्या ट्रॅपला (बेस शोषायला कोपऱ्यात घातलेला भराव) उलटा पडतो, माल फार गच्च असला तर लहर आत शिरण्याआधीच परत फिरते. काकांचा आग्रह ९६ चा होता, "भारीतला घेऊ", त्यांना समजवायला थोडा वेळ गेला.

गाडीतून उतरवलेले बंडल प्लास्टिक न फोडता कोपऱ्यांत आणि मागच्या लॉफ्टवर रचले आणि परत मोजलं. पातळ प्लास्टिक बेसला अडवत नाही, त्यामुळे ही चाचणी बरीच खरी असते. याचा मोठा फायदा म्हणजे पटलं नाही तर न फोडलेला माल परत करता येतो. आकडे बघून पुढे जायचं ठरलं.

कोपरे सारखे नव्हते

व्हिडिओत खोलीला चार मोकळे कोपरे असतात. इथे पुढचा डावा मोकळा, पुढच्या उजव्याला जेमतेम फूटभरावर खिडकी सुरू, मागच्या डाव्यात दार, मागच्या उजव्यात भिंतीतलं कपाट.

डाव्या कोपऱ्यात त्रिकोणी तुकडे एकावर एक रचले. स्लॅब मधून कापला की ५०० बाय ६०० चे दोन तुकडे, ते तिरके कापले की चार त्रिकोण, काहीच वाया जात नाही. ६०० ची बाजू समोरच्या भिंतीला, ५०० ची बाजूच्या भिंतीला. एका स्लॅबमधून २०० मिलिमीटर उंची, म्हणजे छतापर्यंत जायला १५ स्लॅब लागले. उजव्याला खिडकीमुळे त्रिकोण बसत नव्हता, तिथे ३०० बाय ५०० चे आयताकृती तुकडे रचून खांब केला. एका स्लॅबचे हेही चारच होतात आणि क्षेत्रफळ काढलं तर त्रिकोणाएवढंच येतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना माल सारखा पडला.

मागे दार हलवता येत नाही. पण खोलीचा कोपरा म्हणजे फक्त उभी कड नव्हे, भिंत आणि छत मिळतात ती आडवी कडसुद्धा कोपराच आहे, आणि मागच्या भिंतीवर अख्ख्या रुंदीचा दोन फूट खोल लॉफ्ट होता. त्यात पितळी भांडी, ट्रंका, गणपतीच्या मखराचं सामान. काकूंशी बोलून दोन्ही टोकं रिकामी केली आणि तिथे स्लॅब कापायची गरजच नाही, आडवे रचून पुढे कापड लावलं. मखर मधल्या भागात राहिलं.

बांधणी

कापाकापी गच्चीवर केली. पाव कापायच्या दातेरी सुरीने रॉकवूल छान कापतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, एन ९५ मास्क आणि चष्मा हे सोडून चालत नाही, तंतू अंगाला टोचतात आणि घशात जातात.

एका कोपऱ्यात २२ किलोच्या आसपास वजन होतं आणि तळाचे थर दबले की घनता वाढते, म्हणून सुताराकडून पॅकिंगच्या पाइनवुडची चौकट करून घेतली आणि मध्यावर प्लायची फळी टाकली. चौकट जमिनीपासून चार इंच वर, पुसायला जागा राहावी आणि फरशीची ओल वर चढू नये म्हणून. डाव्या कोपऱ्यातला प्लग पॉइंट आधी बाहेर काढून घेतला, रॉकवूलच्या मागे चालू सॉकेट ठेवायचं नाही.

रॉकवूलवर नॉन-वोवनचा (न विणलेलं पातळ कापड) एक थर, तंतू उडू नयेत म्हणून, त्यावर कापड. कापडाची परीक्षा एकच, तोंडाला लावून फुंकायचं, हवा सहज पार गेली पाहिजे. सोफ्याचं जाड कापड नापास झालं, इचलकरंजीचं साधं मांजरपाट पास झालं, ते काकूंनी भिंतीच्या रंगाला जुळेल असं रंगवून घेतलं. कानाच्या उंचीच्या वरच्या भागात कापडाआड पातळ पॉलिथिन घातलं, त्याने बेस आत जातो पण वरचे स्वर परत खोलीत येतात. आधीच फोम आणि सतरंजीने खोली मंद झाली होती, तिला आणखी मंद करायचं नव्हतं. फोम अर्थातच काढून टाकला, तो सहज पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, हेही कारण होतं.

परिणाम

८१ चा फुगवटा सोफा हलवून उतरला होता तो आणखी तीन-चार डीबी खाली आला. ग्राफपेक्षा महत्त्वाचं वॉटरफॉलमध्ये झालं, ७०, ८१ आणि १०३ तिन्हींच्या शेपट्या स्पष्ट आखडल्या. ४० जवळजवळ तसाच राहिला, तेवढ्या खाली सव्वा फूट खोल भरलेला कोपरा पुरत नाही. शास्त्रीय गाण्यात तिथे फारसं काही नसतं, सिनेमा बघताना त्रास होतो म्हणून तिथे ईक्यूचा एकच फिल्टर लावला.

ऐकण्यात फरक असा की घिस्सा आता खालून वर सलग जातो. धा थांबतो. द्रुत लयीत डग्ग्याचा गे आणि किनारीचा ना वेगवेगळे उभे राहतात आणि काळी एकच्या मैफिलीत तानपुरा गायकाच्या मागे बसतो, पुढे येत नाही. काकांनी आवाजाची पातळीही आपोआप कमी केली, आता स्पष्ट ऐकण्यासाठी मोठ्याने लावावं लागत नाही.

शेजाऱ्यांनी विचारलं की आता आवाज बाहेर यायचा थांबेल का. नाही. हे काम खोलीच्या आतल्या आवाजाचं आहे, बाहेर जाणारा आवाज थांबवायला वजनदार आणि हवाबंद बांधकाम लागतं, दोन्ही गोष्टी एक समजून पैसे घालवू नयेत.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. मोजमाप, मग सोफा-स्पीकर, मग गाद्यांची चाचणी, हे आधी झालं असतं तर मोठे स्पीकर घ्यावेच लागले नसते, जुने या खोलीला जास्त मानवणारे होते.

डावा कोपरा बाहेरच्या भिंतीचा आहे आणि पावसाळ्यात तिथे ओल दिसायची. गिलाव्याची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग आधी करून मगच तो भरला, आणि भिंतीपासून इंचभर फट ठेवली. जिथे ओलीचं काम लगेच होणार नसेल तिथे रचलेले त्रिकोण नकोत, १०० मिलिमीटर जाडीचं सुटं पॅनेल कोपऱ्यात तिरकं उभं करावं. खाली तेवढं पोचत नाही पण एका कोपऱ्याला दोन मीटर उंचीत चार स्लॅबमध्ये होतं आणि पावसाळ्यात उचलून मागे बघता येतं. भाड्याच्या घरातही मी हेच सुचवेन.

मागचं कपाट अजून बाकी आहे. त्याची दारं प्लायची, आत जुन्या फायली. ती दारं काढून मांजरपाटाच्या चौकटी लावायच्या आणि खालचे दोन कप्पे भरायचे असा विचार आहे, पण फायलींना दुसरी जागा मिळाल्याशिवाय काकू हात लावू देणार नाहीत, आणि तोपर्यंत १०३ मधला उरलेला थोडा फुगवटा तसाच राहणार.